आरएक्स १०० चं इंजिन बोर करूनही पुन्हा जाम होतंय? नवं बोअर-किट आणण्याआधी हे तपासा

नवा पिस्टन, नव्या रिंगा, ताजं बोरिंग (सिलिंडर आतून घासून मोठा करणं), आणि तरी काहीशे किलोमीटरांत पिस्टन पुन्हा धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. यामाहा आरएक्स १०० च्या बाबतीत ही तक्रार इतकी नेहमीची आहे की अनेकांनी ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ म्हणून सोडून दिलंय. पण ५० मिमी बोअर आणि ५० मिमी स्ट्रोकचं हे ९८ सीसीचं एअर-कूल्ड टू-स्ट्रोक इंजिन विनाकारण धरत नाही. हवा जास्त, ऑइल कमी, उष्णता जास्त किंवा फिटिंग चुकीचं, या चारांपैकी काहीतरी असतंच. बोरिंगने फक्त ओरखडे जातात, कारण आत तसंच राहतं. म्हणून सिलिंडर लेथवर जायच्या आधी कारण सापडलं पाहिजे.

लक्षणं

पूर्ण जाम होण्याआधी इंजिन इशारे देतं. फुल रेसवर, विशेषतः चढावर किंवा समोरून वारा असताना, गाडी अचानक जड होते, कुणीतरी मागून धरल्यासारखी. आवाज बारीक आणि कोरडा होतो, हेडमधून टिणटिण येते. रेस सोडली तरी इंजिन चटकन खाली येत नाही, वरच तरंगत राहतं. सिग्नलला उभं असताना स्लो (रेस न देताच्या इंजिनाच्या फेऱ्या) आपोआप चढतो. प्लग काढला तर टोक पांढरट, क्वचित बारीक चकाकते कण चिकटलेले. ते कण पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. ते दिसले की किक मारायची नाही.

गाडी बंद पडून दहा-पंधरा मिनिटांत गार झाल्यावर पुन्हा सुरू झाली, तर तो ‘हलका’ जाम. यावर बरेच जण खूश होऊन पुढे निघतात. पिस्टनवर ओरखडे उठलेले असतात, रिंग खाचेत अर्धवट दबलेली असते, आणि पुढचा जाम मोठा होतो. चालत्या गाडीत जड झाल्याची जाणीव होताच क्लच दाबा आणि रेस सोडा, मागचं चाक लॉक होऊन घसरण्याची वाट बघू नका.

१. पेट्रोल पुरेसं येतंय का (खर्च शून्य)

टाकीचं झाकण बंद ठेवा, कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडा, कॉक उघडा आणि दोन मिनिटं बघा. फुल रेसला हे इंजिन मिनिटाला १०० मिलीच्या आत पितं, म्हणजे नळीतून मिनिटाला १५०-२०० मिली तरी सलग यायला हवं. आधी धार नीट आणि मग बारीक होत गेली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. झाकण उघडल्यावर धार वाढली की नक्कीच. सुरुवातीपासून बारीक असेल तर कॉकची जाळी गंजाने भरलीय. गावात गाडी नीट चालते आणि हायवेवर दहा मिनिटांत धरते, त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं: कार्बोरेटरचा कप हळूहळू रिकामा होत जातो, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), पिस्टन तापतो.

२. ऑइल (खर्च जवळपास शून्य)

आधी ठरवा, तुमच्या गाडीत ऑटोल्यूब पंप (वेगळ्या टाकीतून इंजिनला आपोआप ऑइल देणारा) चालू आहे की काढून टाकलाय. अर्धवट अवस्था सर्वांत वाईट: पंप जोडलेला आहे म्हणून पेट्रोलच्या टाकीत ऑइल घालत नाही, आणि पंपाची केबल कधीच तुटलेली.

पंप असेल तर ऑइलच्या नळीत हवेचे बुडबुडे दिसतात का बघा. ऑइलची टाकी एकदा जरी कोरडी झाली असेल, तर पंपाचा ब्लीड स्क्रू उघडून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्यावं लागतं. नुसती टाकी भरून चालत नाही. रेस फिरवताना पंपाची पुली सोबत फिरते का आणि खूण जुळते का, तेही बघा. थ्रॉटलची केबल बदलताना पंपाची केबल ढिली राहणं नेहमीचं आहे. शंका असेल तर तपासणी संपेपर्यंत पंप चालू ठेवूनच पेट्रोलच्या टाकीत लिटरला २० मिली २टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घाला. धूर थोडा वाढेल, पण इंजिन वाचेल.

पंप काढला असेल तर लिटरला ३० ते ४० मिली, आणि नव्या बोअरला पहिले ५०० किलोमीटर ४० मिली. मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरा, ‘अंदाजे एक झाकण’ नको. ‘जास्त घातलेलं बरं’ हाही गैरसमज. ऑइल वाढलं की कार्बोरेटरच्या तेवढ्याच जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकातून) पेट्रोल कमी जातं, मिश्रण पातळ होतं, म्हणजे भरपूर ऑइल घालूनही इंजिन तापतं.

घाटाचं एक वेगळं कारण आहे. टाकीत ऑइल मिसळून चालवणाऱ्यांनी आंबा घाटासारख्या लांब उतारावर गाडी गिअरमध्ये टाकून रेस पूर्ण बंद ठेवली, तर इंजिन जोरात फिरत राहतं पण पेट्रोल जवळपास बंद, म्हणून ऑइलही बंद. उतारावर दर थोड्या वेळाने हलकी रेस द्या, किंवा क्लच दाबून इंजिनला स्लोवर येऊ द्या. पंपवाल्या गाडीत रेस बंद असतानाही पंप फेऱ्यांच्या प्रमाणात थोडं ऑइल टाकतच राहतो. पंप काढून टाकणाऱ्यांनी हा फायदाही सोबत काढून टाकलेला असतो.

३. प्लग, फिल्टर, सायलेन्सर

प्लगचा नंबर मॅन्युअलप्रमाणेच हवा. एनजीकेमध्ये आकडा मोठा तसा प्लग थंड, बॉशमध्ये उलट, आकडा लहान तसा थंड. ही उलटसुलट माहीत नसल्याने दुकानदाराने दिलेला ‘चालेल’वाला गरम प्लग लावला जातो आणि त्याचं टोक लाल होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटवतं.

एअर फिल्टरची पेटी काढून टाकलेली, किंवा जाळीचा फिल्टर लावलेला, आणि जेट मात्र जुनाच. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. सायलेन्सरचं बॅफल (आवाज दाबणारी आतली नळी) काढून आवाज वाढवण्याचाही तसाच परिणाम. आवाज हवा असेल तर जेटही बदला, नाहीतर दोन्ही मूळ जागी आणा. उलट बाजूने, वर्षानुवर्षं न उघडलेल्या सायलेन्सरमध्ये कार्बन इतका साचतो की गरम वायू बाहेर पडत नाहीत आणि हेड तापतं. बॅफल काढून जाळून किंवा कॉस्टिक सोड्यात भिजवून साफ करा. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, म्हणून पिस्टन, हेड किंवा कार्बोरेटर त्याच्या जवळही नेऊ नका. हातमोजे आणि चष्मा लागतोच.

४. जेट आणि आजचं पेट्रोल

इथे थोडं थांबू, कारण बोअर-पिस्टन सगळं नीट असताना धरणाऱ्या गाड्यांत मला हे कारण अलीकडे सर्वांत जास्त दिसतं.

आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. तिचे जेट इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी ठरवलेले. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन सुमारे ८-९ टक्के जास्त द्यायला हवं. इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सर हे सांभाळून घेतो. कार्बोरेटरला काहीच कळत नाही, तो जुन्या मापानेच ओतत राहतो. फोर-स्ट्रोकमध्ये यातून थोडा पिकअप जातो, टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन जातो.

उपाय स्वस्त आहे. मेन जेट एक-दोन पायऱ्या वर न्या. जेटवर १०० असेल तर १०५ किंवा १०७.५. सुईची क्लिप एक खाच खाली सरकवा, म्हणजे सुई वर येते आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढतं. एअर स्क्रू पूर्ण बंद करून साधारण दीड फेरा उघडा आणि तिथून जुळवा. तो फिल्टरच्या बाजूला असल्याने जास्त उघडला की मिश्रण पातळ होतं. बाजारातल्या नकली जेटांवर आकडा एक आणि भोक दुसरंच असतं, म्हणून जुना मूळ जेट फेकू नका. तारेने जेट साफ करणाऱ्याच्या हातात तर तो देऊच नका, भोक मोठं आणि ओबडधोबड होतं.

जेट बरोबर आहे का ते प्लगवरून कळतं. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर गरम इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये फुल रेसला थोडं अंतर चालवा, मग एकदम इग्निशन बंद करून क्लच दाबा, बाजूला थांबून प्लग काढा. चॉकलेटी-तपकिरी ठीक. पांढरा म्हणजे पातळ. काळा ओला म्हणजे जाड, पण त्याने पिस्टन धरत नाही. चुकायचंच असेल तर त्या बाजूला चुका. स्लोवर चालवत घरी आणलेल्या गाडीचा प्लग बघून मेन जेटबद्दल काहीच कळत नाही.

इथेनॉलची दुसरी खोड पावसाळ्यात दिसते. ते हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर तळाशी वेगळा बसतो. २टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं आणि कॉक तळातून ओढतो. इंजिनला ऑइलशिवायचं पाणचट इंधन मिळतं. उभ्या गाडीची टाकी रिकामी करून ठेवा आणि सुरू करताना ताजं मिश्रण भरा.

५. रबर आणि पॅकिंगमधून शिरणारी हवा

कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबर जॉइंट हाताने वाकवून बघा. वरून धड दिसतो, वाकवला की खालच्या बाजूच्या भेगा उघडतात. चालू इंजिनवर स्लोला त्या भागात साबणाचं पाणी हलकंच फवारा. आवाज बदलला की तिथून हवा शिरतेय. पेट्रोल फवारणारे मेकॅनिक आहेत. तुम्ही तसं करू नका, तापलेलं इंजिन आणि प्लगची ठिणगी शेजारीच आहे.

फेव्हिबॉण्ड, एम-सील लावून भेगा बुजवू नका. पेट्रोलने ते सुटतं आणि तुकडे आत जातात. नवा रबर बसवा.

६. प्रेशर टेस्ट

इंजिनात हवा भरून गळती शोधायची ही चाचणी केल्याशिवाय बोरिंगला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गॅरेजमध्ये ती फारशी कुणी करत नाही, कारण वेळ लागतो आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही.

साहित्य: बीपी मोजायच्या जुन्या मशीनचा रबरी फुगा आणि घड्याळ, ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवलेलं रबरी बूच, सायकलच्या ट्यूबचा तुकडा. कार्बोरेटर काढा आणि बूच रबर जॉइंटमध्ये क्लिपने आवळा. व्हॉल्व्हमधली पिन काढून टाका. सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या तोंडावर ट्यूबचा तुकडा व लोखंडी पट्टी घट्ट बसवा. प्लग जागेवर. ऑइल पंपाची नळी इनटेकवर येत असेल तर ती जागाही बंद करा. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे क्रँककेस आणि सिलिंडर जोडलेले राहतात. हवा इनटेककडूनच भरा. एक्झॉस्टकडून भरली तर आतल्या दाबाने रीड व्हॉल्व्ह (इनटेकचा एकतर्फी पडदा) मिटतो आणि रबर जॉइंट तपासलाच जात नाही.

बीपीच्या घड्याळावर २५० मिमीपर्यंत फुगवा, म्हणजे पाच पीएसआयच्या जरा आत. त्याहून फार वर नको, चांगलं सीलही बाहेर ढकललं जाईल. पाच मिनिटं काटा जवळपास हलू नये. मिनिटाला २०-२५ ने उतरत असेल तर साबणाचं पाणी घेऊन शोधा: हेड पॅकिंग, बेस पॅकिंग, प्लगचा वॉशर, केसचा जोड, मॅग्नेटमागचं (डावीकडच्या वीज बनवणाऱ्या चाकामागचं) सील. आधी स्वतःच्या बुचावर आणि पट्टीवर साबण लावा, निम्म्या वेळा गळती तिथेच असते.

क्रँकच्या दोन टोकांना असलेल्या दोन सीलांची लक्षणं मात्र वेगवेगळी. डावीकडचं, मॅग्नेट बाजूचं सील गेलं की कोरडी हवा शिरते: स्लो चढतो, इंजिन तरंगतं, प्लग पांढरा, पिस्टन धरतो. उजवीकडचं, क्लच बाजूचं गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढतं: दाट पांढुरका धूर, प्लग ओला, गिअर ऑइलची पातळी कमी. प्रेशर टेस्टमध्ये त्या बाजूची हवा गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून येते. नळीचं टोक पाण्यात धरलं की बुडबुडे दिसतात.

मॅग्नेट बाजूचं सील पुलरने मॅग्नेट काढून बाहेरून बदलता येतं. हातोड्याने मॅग्नेट काढू नका, क्रँक वाकतो. जुनं सील उचकटताना क्रँकच्या घासणाऱ्या जागेवर ओरखडा पडला तर नवंही गळेल. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावा.

मॅग्नेट उघडलाच आहे तर किल्ली बघून घ्या. अर्धचंद्राची ती छोटी चावी अर्धी कापली गेली असेल तर ठिणगीचं टायमिंग पुढे सरकतं, हेड तापतं आणि जेट कितीही वाढवला तरी उपयोग होत नाही.

७. सिलिंडर उतरवल्यावर: पिस्टन वाचा

जाम झालेला पिस्टन फेकण्याआधी उजेडात धरून फिरवा.

फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे: मिश्रण पातळ किंवा उष्णता जास्त. मुद्दे १, ४, ५, ६ परत.

चार कोपऱ्यांवर, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही बाजूंना पट्टे: क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) कमी, किंवा थंड इंजिनला लगेच फुल रेस. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, पिस्टन आधी तापतो, स्लीव्ह (सिलिंडरमधली बिडाची नळी) मागे राहते.

सगळीकडून घासलेला, रिंगांच्या जागा गडद: ऑइल पोचलंच नाही.

इनटेकच्या बाजूचा स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) पॉलिश पेपरने घासल्यासारखा निस्तेज: धूळ. फिल्टर फाटका आहे.

डोक्यावर बारीक खड्डे किंवा भोक: टायमिंग किंवा प्लग.

रिंग एका जागी तुटलेली आणि तिथेच पोर्टची (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकाची) कड खरचटलेली: हे बोरिंगवाल्याचं काम. बोअर मोठा केला की पोर्टच्या कडा धारदार होतात. रिंग तिथे थोडी बाहेर फुगते आणि अडकते. कडांना वर-खाली बारीक तिरपी कड काढावीच लागते, सुमारे अर्धा मिमी, आणि ती होनिंगच्या (बोअरला शेवटचं बारीक घासण्याच्या) आधी. लेथवाल्याला आठवण करून द्या, नाहीतर विसरलं जातं.

८. बोरिंग करायचंच असेल तर

आधी पिस्टन आणा, मग बोर करा. ‘०.५० करून ठेव, पिस्टन नंतर आणतो’ हे चालत नाही. ०.५० मिमी ओव्हरसाइजच्या (मूळ मापाहून मोठ्या) दोन डब्यांतले पिस्टन मापाला सारखे असतीलच असं नाही. पिस्टन मायक्रोमीटरने पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या खालच्या कडेपासून सुमारे १० मिमी वर मोजतात. बोअर त्याहून साधारण ०.०४ ते ०.०५ मिमी मोठा हवा. किटसोबत वेगळं माप दिलं असेल तर ते पाळा. तयार बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी डायल गेजने मोजून घ्या. बोटाने फिरवून ‘मस्त बसतोय’ म्हणणाऱ्याकडे डायल गेज नसतो.

रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून तोंडाची फट फीलर गेजने बघा, ०.२ ते ०.३५ मिमी ठीक. रिंगवरचं अक्षर वर, आणि तोंड खाचेतल्या पिनवरच. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. गजन पिनची लॉकं दर वेळी नवी. होनिंगनंतर सिलिंडर गरम पाणी आणि साबणाने ब्रशने धुवा, पांढरा कपडा फिरवून पांढराच निघेपर्यंत. फक्त पेट्रोलने पुसलं तर होनिंगची कुरुंद भुकटी छिद्रांत राहते आणि पहिल्याच दिवशी नव्या रिंगा घासते.

बांधणी झाल्यावर प्रेशर टेस्ट पुन्हा. मग गाडी सुरू करून हेड हाताला चटका देईल इतकं तापू द्या, पूर्ण गार करा, असं तीन वेळा. पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या रेसच्या आत, पण एकाच वेगावर रखडत नको.

इथे थांबा

हे घरी करू नका:

कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून किंचितही टकटक लागली, तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) संपलाय. नवा पिस्टन टाकून काही मिळणार नाही. केस फोडणं, क्रँक प्रेसवर उघडून रॉड किट बसवणं आणि व्ही-ब्लॉकवर डायल लावून सरळ करणं यासाठी तो सेटअप असलेलं वर्कशॉपच लागतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी अशी कामं करणारे मिळतात. हातोड्याने ‘अंदाजे सरळ’ केलेला क्रँक नवी सीलं काही दिवसांत खातो.

क्लच बाजूचं सील बदलायला क्लच आणि प्रायमरी गिअर काढावे लागतात. क्लच धरायचं टूल नसेल तर गॅरेजला द्या.

बोअर १.०० मिमी ओव्हरसाइजपर्यंत पोचलाय, किंवा स्लीव्हला नखाला लागेल अशी भेग आहे: पुढे घासणं बंद. नवी स्लीव्ह बसवायला सिलिंडर तापवून घट्ट फिटिंग करावं लागतं आणि पोर्ट मूळ मापाने जुळवावे लागतात. हे लेथवाल्याचं नाही, इंजिन ब्लॉकचं काम नेहमी करणाऱ्याचं आहे.

आणि वरचं सगळं बघूनही कारण सापडलं नाही, तर नवं किट बसवू नका. जाम झालेला पिस्टन, शेवटचा प्लग, काढलेला मेन जेट आणि प्रेशर टेस्टचे आकडे एका पिशवीत घालून टू-स्ट्रोकच करणाऱ्या जाणकार मेकॅनिककडे न्या. पिस्टन न बघताच ‘बोर मारून टाकू’ म्हणाला, तर पिशवी उचला आणि दुसरा गाठा.